यांचं लायसन गेलं, ते वर्ष

माझं लग्न होऊन मी शहाद्याला आले, तेव्हा गावात मोटार चालवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतले एक माझे यजमान. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही. मी जन्मभर घेतलं नाही, आता लिहितानाही घेणार नाही. 'हे' म्हटलं की यांच्याविषयीच समजावं.

घरची शेती होती, थोरले दीर ती पाहत. यांचं मन मात्र लहानपणापासून लोखंडात. गावात पहिली सर्व्हिस मोटार, म्हणजे भाडं घेऊन माणसं नेणारी, आली तेव्हा हे शाळा सोडून तिच्या मागे धुळ्यापर्यंत गेले म्हणतात. पुढे तिथेच शिकले, परीक्षा दिली, लायसन घेऊन परत आले. खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला. शहादा ते म्हसावद आणि शहादा ते नंदुरबार अशा एका शेठच्या मोटारीवर हे होते. सासऱ्यांना हे काम कधी पटलं नाही. ते म्हणायचे, "बैलले बोलं त समजस. मोटारले काय सांगशी?" हे हसून सोडून द्यायचे.

मला त्या कोटाचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पाणवठ्यावर बायका मला 'डायवरनी बाई' म्हणायच्या आणि मी वळून बघायची. प्रत्यक्षात त्या मोटारीत मी एकदाही बसले नव्हते. घरातल्या सुनेनं नवऱ्याच्या मोटारीत बसून गावभर मिरवायचं, हे आमच्याकडे कोणाला शोभलं नसतं.

यांना दारूची सवय नव्हती. होळीला, लग्नकार्याला मोहाची घ्यायचे, सगळेच घेतात तेवढी. मोटार काढायची असेल त्या दिवशी नाही. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

इंग्रजांची जर्मनीशी लढाई सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. पेट्रोल मिळेनासं व्हायला लागलं होतं, पण लग्नसराई थांबत नाही. म्हसावदच्या पलीकडच्या एका गावात शहाद्याचं वऱ्हाड गेलं आणि त्यासाठी शेठची मोटार ठरली. दुपारी जेवणं झाल्यावर नवरीकडच्या मंडळींनी यांना आंब्याखाली बसवलं. मोटारवाल्याचा मान म्हणून पुन्हा पुन्हा पुढे केलं. यांनी नको म्हटलं, मग एकदा घेतलं, मग नको म्हणणं संपलं. ऊन कलायच्या आत वऱ्हाड परत निघालं.

म्हसावद मागे टाकून मोटार शहाद्याच्या वाटेला लागली होती. पुढे एक बैलगाडी चालली होती. समोरून, रस्त्याच्या अगदी कडेनं, डोंगरातला पावरा जमातीचा एक माणूस आणि त्याची बायको शहाद्याचा बाजार करून मीठ-मिरची घेऊन पायी घरी निघाले होते. यांनी बैलगाडीला वळसा घातला, तो फार मोठा घातला. मोटार कडेला गेली, त्या माणसाला मडगार्ड लागला, तो पडला आणि चाक त्याच्या पायावरून गेलं. मोटार पुढे जाऊन चारीत तोंड खुपसून थांबली. आतल्या बायका आरडाओरडा करत उतरल्या. त्यांना फारसं लागलं नव्हतं.

पुढचं यांनीच मला सांगितलं, पण पुष्कळ दिवसांनी. त्या माणसाची बायको ओरडली नाही. ती रस्त्यावर बसली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सांडलेलं मीठ एका हातानं गोळा करत राहिली. तिला आपण काय करतोय हे कळत नव्हतं बहुधा. हे तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

वऱ्हाडातला एक शहाणा माणूस म्हणाला, "याले बैलगाडीमा टाकी दे. तू घर जाय, तोंड धुई ले, झोपी जाय. उद्या ठाण्यात जाशी." त्याचा हिशेब बरोबर होता. तसं केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण बैलगाडीला शहादा गाठायला रात्र झाली असती. यांनी चौघांना लावून मोटार चारीतून काढली, त्या माणसाला आणि त्याच्या बायकोला आत घेतलं आणि स्वतःच चालवत थेट सरकारी दवाखान्यात नेलं. दारू प्यालेला माणूस दुसऱ्यांदा चाकावर बसला, हीही चूकच. पण तो पाय त्या दिवशी बांधला गेला, तो त्यामुळेच.

डॉक्टरांनी आधी जखमी माणसाला पाहिलं. मग यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "जवळ ये. तोंड उघड." त्यांनी यांना फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं. डोळे मिटून उभं केलं. नाव, गाव, वार विचारला. मग काहीतरी लिहिलं आणि शिपायाला फौजदारांकडे पाठवलं. संध्याकाळी आमच्या दारात जो माणूस आला त्याच्या अंगावर कोट होता, पण बिल्ला नव्हता. बिल्ला आणि लायसन दोन्ही जमा झालं होतं. सासरे जामीन राहिले, म्हणून हे घरी आले.

मी पाणी पुढे ठेवलं. यांच्या तोंडाला अजून वास येत होता. मी काही बोलले नाही. पुढे बरेच दिवस बोलले नाही.

घरात माणसं यायला लागली. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की दवाखान्यात जायला कोणी सांगितलं होतं. दवाखान्यात गेला नसता तर वास घ्यायला डॉक्टर कुठून आला असता. यांचे मामा तर समोर बसून म्हणाले, "तू सोताना पायवर चालीसन फासीले गया." हे मान खाली घालून ऐकत. शेठनं निरोप पाठवला की निकाल लागेपर्यंत दुसरा माणूस घेतला आहे.

मला त्या सगळ्यात एकच सुचत होतं, की दवाखान्यात त्या दोघांना जेवण कोण देत असेल. डोंगरातली माणसं, इथं त्यांचं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी मी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि उडदाची डाळ फडक्यात बांधली आणि गेले. तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता, पायाला फळ्या बांधलेल्या. बायको खाली बसली होती. माझ्याच वयाची असेल. हातात जाड कडी, डोक्यावरचा पदर मागे गाठ मारलेला. मी कोण हे सांगायचं कसं, कळेना. शेवटी म्हटलं, "मोटारवालानी बाई शे मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला बाजारापुरती अहिराणी येत होती. मला पावरी अजिबात येत नव्हती. तिनं फडकं घेतलं, सोडलं, अर्धी भाकरी मोडून नवऱ्याच्या हातात दिली आणि उरलेली स्वतः खायला लागली. मी निघायला उठले तर म्हणाली, "डाळमा मीठ कमी शे."

तेव्हापासून मी रोज जायची. आमचं बोलणं थोडंच व्हायचं, तेही हातांनी जास्त. तिला दोन पोरं होती, ती घरी सासूजवळ. नांगरटीचे दिवस तोंडावर आले होते आणि नांगर धरणारा इथं खाटेवर. हे तिनं जमिनीवर बोटानं रेघा ओढून सांगितलं. मला समजायला वेळ लागला. 

सासऱ्यांनी गावातले चांगले वकील दिले. ते पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे आणि कामात फार हुशार. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरांच्या दाखल्यात एवढंच आहे की तोंडाला वास येत होता आणि बोलणं जड होतं. रेघेवरून चालताना पाऊल चुकलं असं लिहिलेलं नाही. प्रश्न आहे तो जखमीचा. तो बाजारातून येत होता. बाजारात हे लोक पितात. तो झोकांड्या खात मध्ये आला, असं आपण म्हणू."

"तो पियेल व्हता का?" सासऱ्यांनी विचारलं.

"तो नाकारणार नाही," वकील म्हणाले. "मी चौकशी केली आहे."

मी दाराआड उभी होते. त्याच बैठकीत कोणीतरी माझ्या दवाखान्याच्या फेऱ्यांची गोष्ट काढली. वकील एकदम गंभीर झाले. "हे आजच्या आज बंद करा. साक्षीदाराला फितवायचा प्रयत्न केला, असं सरकारी पक्ष म्हणेल. त्यातून वेगळाच खटला उभा राहायचा."

सासऱ्यांनी आत येऊन मला बजावलं. सूनबाईनं आता घराबाहेर पडायचं नाही. मी हो म्हटलं. सकाळी नेहमीप्रमाणे भाकरी जास्त झाल्या, कारण हात त्या सवयीचा झाला होता. मी चुलीपुढे बसून राहिले. सासूबाईंनी त्या भाकरी उचलल्या, फडक्यात बांधल्या आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "मी लई जासू. माले कोन इचारस?" आणि खरंच, त्यांना कोणी विचारलं नाही. सासरे ओसरीवरच होते. त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवून पानाला चुना लावत बसले.

दिवसांमागून दिवस तारखाच पडत होत्या. कधी डॉक्टर नाहीत, कधी फौजदार दुसऱ्या गावी, कधी पावरी भाषा समजणारा दुभाष्या मिळत नाही. प्रत्येक तारखेला हे सकाळी आंघोळ करून कोट घालून जायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. इतर दिवशी परसात बसून काहीबाही दुरुस्त करायचे. घरातलं जातं, रहाट, कडीकोयंडे, सगळं त्या दिवसांत नीट झालं.

एका दुपारी परसात मी धुणं वाळत घालत होते. हे रहाटाच्या आसाला तेल देत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याना पाय कसा शे?"

इतक्या दिवसांत यांनी पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "आखूड ऱ्हाई, असं डॉक्टर सांगस."

यांनी आसाला आणखी तेल सोडलं. मग म्हणाले, "वकील सांगस, तो रस्तामा मजार वना. तो मजार नही वना. तो पार कडले व्हता. मी देखं व्हतं त्याले. देखं, आनि हात वळना नही."

रस्त्यावर काय झालं, ते यांनी मला तेव्हा सांगितलं, सांडलेल्या मिठासकट. मी ओलं लुगडं हातात धरून ऐकत होते. ऐकून झाल्यावर माझा राग गेला, असं झालं नाही. पण मी यांच्याशी बोलायला लागले. मी एवढंच म्हटलं, "मंग कोरटमा काय सांगशात?" यांनी रहाट एकदा फिरवून पाहिला.

शेवटी साक्षीची तारीख आली. मी कचेरीत जाण्याचा प्रश्नच नव्हता, पण सासूबाई म्हणाल्या की आपण कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसू, कोण काय म्हणतं बघू. खिडक्या मोठ्या होत्या आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. त्या पावऱ्याची बायकोही आमच्याजवळ येऊन बसली. आरोपीची आई, आरोपीची बायको आणि जखमीची बायको एका सावलीत बसलेल्या बघून शिपायानं डोकं हलवलं आणि निघून गेला.

जखमी माणूस दोन काठ्या घेऊन पिंजऱ्यापर्यंत गेला. मॅजिस्ट्रेटनं त्याला बसून बोलायची परवानगी दिली. तो पावरीत बोलत होता आणि दुभाष्या मराठीत सांगत होता. सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपीच्या घरून तुला जेवण येत होतं, हे खरं का?"

"हो."

"कशासाठी देत होते?"

दुभाष्यानं विचारलं, उत्तर ऐकलं आणि जरा घुटमळला. "म्हणतो, भूक लागायची म्हणून."

आत हसण्याचा आवाज आला. मॅजिस्ट्रेटनं गप्प केलं असावं, कारण लगेच शांत झालं. मग आमचे वकील उठले. त्यांचा आवाज मी ओळखला.

"त्या दिवशी बाजारात तू दारू प्यायला होतास?"

"थोडी प्यालो होतो," दुभाष्या म्हणाला.

"म्हणजे तू नशेत होतास आणि तोल जाऊन मोटारीपुढे आलास. बरोबर?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला ऐकू आलं नाही, कारण त्याच्या आधी यांचा आवाज आला. यांना कोणी विचारलं नव्हतं. "साहेब, तो माणूस रस्ताना कडले व्हता. त्यानी काय चूक नही. मी पियेल व्हतू."

सासूबाईंनी माझा हात धरला. आत गोंधळ झाला. मॅजिस्ट्रेटनं यांना बसायला सांगितलं, मग पुन्हा उठवलं. "तू काय बोलतोस ते तुला कळतं का? वकिलांना विचारलंस?"

"वकील साहेबस्ना काय दोष नही," हे म्हणाले. "त्यास्नी मन्हासाठे केलं."

वकील बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. सासऱ्यांना म्हणाले, "तुमच्या मुलानं जिंकलेली केस घालवली." मग थोडं थांबून, टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "आता शिक्षा कमी व्हावी म्हणून काय करता येईल ते करतो." आणि ते परत आत गेले. त्या माणसाबद्दल पुढे घरात कोणी वाईट बोललं की हे बोलू देत नसत.

निकाल त्याच आठवड्यात लागला. दंड, महिनाभर कैद, आणि लायसन वर्षभरासाठी रद्द. दंडातला मोठा भाग जखमीला द्यावा, असा हुकूम झाला. मॅजिस्ट्रेट म्हणाले की नव्या मोटार कायद्यात याहून जास्त देता आलं असतं. आरोपीनं जखमीला स्वतः दवाखान्यात आणलं आणि खरं सांगितलं म्हणून दिलं नाही. यांना तिथूनच धुळ्याच्या तुरुंगात नेलं. नेलं तेही सर्व्हिस मोटारीतून, शिपायाच्या शेजारी बसवून. चालवणारा यांचाच जुना सोबती होता. त्यानं म्हणे सबंध वाटेत मागं वळून पाहिलं नाही.

धुळ्याला भेटायला थोरले दीर एकदा गेले. मी गेले नाही. यांनीच निरोप पाठवला होता की तिला आणू नका.

हे सुटून आले ते गल्लीच्या मागच्या बाजूनं. केस अगदी बारीक कापलेले, अंग उतरलेलं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. जेवताना यांनी दोन वेळा पाणी मागितलं. खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली असं मला वाटतं. महिना भिंतीआड गेला, तो दिसला नाही. वर्ष मात्र गावात काढायचं होतं, जिथं रोज सकाळी शेठची मोटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवून जायची.

शेतावर गेले तर दिरांना वाटायचं की हा पाहुण्यासारखा काम करतो. मग कापसाच्या जिनिंगजवळच्या एका मुसलमान मिस्त्रीनं यांना आपल्याकडे बोलावलं. तिथं हे मोटारींची इंजिनं उघडायचे, बसवायचे. पण दुरुस्त झालेली मोटार रस्त्यावर काढून बघायची वेळ आली की हात पुसत बाजूला व्हायचे. मिस्त्री स्वतः चालवून यायचा आणि सांगायचा, "बराबर चल रही है." एकदा मिस्त्री आजारी होता आणि एका जमीनदाराचा माणूस घाईवर आला. म्हणाला, जिनिंगच्या फाटकापर्यंत काढून द्या, कोण बघतंय. यांनी मोटार काढली नाही. चार माणसांनी ढकलून फाटकापर्यंत नेली. गावात त्यावर लोक हसले. मला हसू आलं नाही, आणि मी ते यांना सांगितलंही. तेव्हा हे माझ्याकडे बघून पहिल्यांदा पूर्वीसारखे हसले.

वर्ष संपल्यावर धुळ्याला पुन्हा परीक्षा झाली. यांना भर बाजारातून मोटार चालवायला लावली. लायसन मिळालं, त्यावर लाल शाईचा शेरा होता. तो शेरा बघून दोन शेठांनी नकार दिला. आधीच्या शेठनंही दिला, पण चहा पाजून दिला. शेवटी एकानं ठेवून घेतलं, कारण त्याची मोटार पेट्रोलऐवजी कोळशावर चालायची आणि ती धूर ओकणारी भट्टी सांभाळायला दुसरं कोणी तयार नव्हतं. हे घरी यायचे ते काळेकुट्ट होऊन. मी पाणी तापवून ठेवायची.

दारू यांनी कायमची सोडली का, असं पुढे आमच्या मुली विचारायच्या. नाही सोडली. होळीला घरात बसून घ्यायचे. पण दुसऱ्या दिवशी मोटार असेल तर आदल्या दिवशीही नाही. कोणी आग्रह केला तर सबब सांगायचे नाहीत, सरळ सांगायचे की माझ्यामुळे एकाचा पाय अधू झाला आहे. पुढे कोणी आग्रह करत नसे.

त्या सुमारास मी पहिल्यांदा यांच्या मोटारीत बसले. म्हसावदला माझ्या मावसबहिणीकडे बारसं होतं. शहाद्याचा बाजार भरला होता, स्टँडवर गर्दी होती. मी आत बसले होते; सामान वर चढवलं जात असताना मला ती दिसली, त्या पावऱ्याची बायको, डोक्यावर गाठोडं. मागे तो. पाय आखूड राहिला होता, प्रत्येक पावलाला एका बाजूला झुकायचा. पण चालत होता, चांगला चालत होता.

हे खाली उतरले. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि काय बोलावं ते दोघांनाही कळेना. मग हे म्हणाले, "बस भाऊ. म्हसावदलोंग सोडी देस."

तो मोटारीकडे बघत राहिला. भट्टीतून धूर येत होता. मग त्यानं मान हलवली आणि मोडक्या अहिराणीत म्हणाला, "तू चांगला शे. मी पायी जासू."

यांनी पुन्हा आग्रह केला नाही. मला दिसत होतं की यांना ते लागलं आणि यांना ते पटलंही. इतक्यात तिनं डोक्यावरचं गाठोडं उतरवून माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः चढून माझ्या शेजारी येऊन बसली. नवरा खालून काहीतरी बोलला. तीही बोलली, चढ्या आवाजात. तो हसायला लागला आणि रस्त्याला लागला.

मी विचारलं, "काय म्हणे तो?"

"तो म्हणे, उतर," तिनं सांगितलं. "मी म्हनू, मन्हा पाय चांगला शेत. पन दुखतस ना."

यांनी मोटार सुरू केली. गावाबाहेर तो आम्हाला लागला, कडेनं झुकत झुकत चाललेला. यांनी मोटार इतकी हळू केली की बैलगाडीही पुढे गेली असती. त्याला पार मागे टाकल्यावरही पुष्कळ वेळ तशीच हळू चालवली. आतले लोक कुरकुरायला लागले. ती खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा घेत होती. म्हसावदला उतरल्यावर एका झाडाखाली गाठोड्यावर बसली आणि मला म्हणाली, तू जा, मी थांबते, तो येईल. मी बारशाला गेले. संध्याकाळी परत येताना पाहिलं, तेव्हा झाडाखाली कोणी नव्हतं.